डाव्या फऱ्याखाली

९ जानेवारी १९९६, इंदापूर

जाकिटाचं माप द्यायला बाबू शिंप्याकडे गेलो. वीस वर्षांचा माझा छाती-खांदा-पोटाचा इतिहास त्याच्या वहीत आहे. पोटाचं प्रकरण विशेष वाचनीय. पाठीवर फीत टाकली आणि थांबला.

"गुरुजी, हितं काय हाय?"

"पाठ आहे."

"पाठ माझ्या वळकीची हाय. ह्ये न्हवतं मागल्या खेपंला."

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, जुन्या टाक्यांच्या वणाला लागून. त्याने बोट ठेवलं तेव्हा मलाही जाणवलं. वाटाण्याएवढं. टणक. दुखत नाही.

म्हणजे तिसऱ्यांदा. ८९ साली इथेच काढली. चरबीची गाठ म्हणाले, बादलीत टाकली. ९३ साली तिथेच पुन्हा. ती बारामतीला काढली आणि बाटलीत घालून तपासायला पुण्याला पाठवली. धाकटा भाऊ ज्ञानू घेऊन गेला होता. रिपोर्ट साधा आला. आता ही.

जाकीट शीव म्हटलं. पाठीत अर्धा इंच सैल ठेव.

१० जानेवारी

सौ.ला दाखवली. मी सदरा वर सरकवतोय तोवरच म्हणाली, "काय न्हाय वो, जुना वण हाय. थंडीनं ताठलाय."

बघण्याआधी निदान. आमचे पुढारी पाहणी दौऱ्याला निघण्याआधीच पाहणीचं निवेदन वार्ताहरांना देऊन ठेवतात, त्यातला प्रकार.

"कधीपासून आहे?"

"मला काय ठावं? तुमची पाठ हाय."

हे बरं आहे. स्वतःची पाठ मी सत्तेचाळीस वर्षांत एकदाही पाहिलेली नाही. तिला रोज दिसते.

नोंद: "मला काय ठावं" हे सौ. फक्त ठाऊक असतं तेव्हाच म्हणते.

१६ जानेवारी, बारामती

९३ साली ज्यांनी काढली ते डॉ. गाव सोडून गेले. त्यांच्या जागी एक सर्जनबाई आल्यात. पस्तिशीच्या, बोलणं तोडून. गाठ दोन बोटांत धरली, हलवून पाहिली, खाली दाबली, परत हलवली. वेळ घेतला. मला घाईचे डॉक्टर आवडतात. वेळ घेणारे काहीतरी शोधत असतात.

"आधीचा रिपोर्ट?"

"साधा आला होता."

"साधा नको मला. कागद द्या."

एक लहानसा तुकडा काढून घेतला. तो त्या स्वतःच पाठवणार. कागद पुढच्या खेपेला आणतो म्हणालो.

१८ जानेवारी

ट्रंक उपसली. मी कागद टाकत नाही. शाळेच्या नेमणुकीचं पत्र आहे, पाठशाळेतल्या परीक्षेचे गुण आहेत, आमच्या दैनिकाने छापलेल्या माझ्या सगळ्या बातम्या आहेत आणि न छापलेल्यांची थप्पी वेगळी आहे. ९३ चा रिपोर्ट नाही.

सौ. म्हणते, "ज्ञानू भावजींकडं हुता की." गावी, लोणी देवकरला, निरोप पाठवला. ज्ञानूचं उत्तर, "वहिनीकडं दिला हुता." चेंडू दोघांच्या अंगणात फिरतोय, फळी कोणाच्याच हातात नाही.

मी स्वयंपाकघरात शिरलो की बोलणं तिळगुळावर येतं. संक्रांत होऊन गेली.

२१ जानेवारी

तर्क असा: रिपोर्ट वाईट होता. घरच्यांनी तीन वर्षं दाबून ठेवला. म्हणून ज्ञानू माझ्यासमोर बसत नाही, म्हणून सौ. पाठीला तेल लावताना अलीकडे गप्प असते. म्हणून आबांनी दिवाळीला मला जवळ बसवून नुसतं बघितलं. आबा (वडील) कधी कुणाकडे नुसतं बघत नाहीत. जन्म मेंढरामागे गेला, बघतात ते मोजायला.

मी बातमीदार. घरातली बातमी मला सोडून सगळ्यांना. पुण्याच्या त्या लॅबला पत्र टाकलं. अमुक महिना, अमुक नाव, कृपया प्रत पाठवावी. सौ.ला सांगितलं नाही. तीही सांगत नाही.

३० जानेवारी

लॅबचं उत्तर. शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं, ते शहाणपण झालं.

त्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यातही, या नावाचा नमुना आमच्याकडे आलेला नाही. गावाच्या नावानेही पाहिलं.

चारदा वाचलं. नववीचा तास होता. पोरं संस्कृतची रूपं चालवत होती, माझं लक्ष नव्हतं. सप्तमीला चुकली आणि तशीच पुढे गेली.

वाईट रिपोर्ट दडवता येतो. न आलेला रिपोर्ट "साधा" कसा येतो?

२ फेब्रुवारी, बारामती

बाईंनी काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला. नाव: डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स. कागदावर लिहून घेतलं. एवढा लांब समास मी कुठल्या वर्गाला सोडवायला दिला नसता, पोरं शाळा सोडून गेली असती.

"म्हणजे कॅन्सर?"

"त्याच कुळातला. फार थोड्यांना होतो. सहसा लांब पळत नाही. पण तिथल्या तिथे परत येतो."

"हट्टी."

"हट्टी. वर वाटाण्याएवढा दिसतो, कातडीखाली पाय पसरून असतो. आधी दोन्ही वेळा दिसला तेवढाच काढलाय."

बॉलपेनने माझ्या पाठीवर गोल काढला आणि तेवढाच गोल कागदावर काढून दाखवला. चहूबाजूंनी तीन-तीन सेंटीमीटर चांगली कातडी, खाली स्नायूच्या आवरणापर्यंत. बशीएवढं.

"९३ चा रिपोर्ट मिळाला असता तर तेव्हाच असं रुंद काढता आलं असतं. आता खाली चिकटल्यासारखं लागतंय. स्नायू घ्यावा लागला तर हात पूर्वीसारखा वर जाणार नाही. कुठल्या हाताने लिहिता?"

डाव्या. पाठशाळेत शास्त्रीबुवांनी दोन वर्षं पट्टीने बडवलं, तरी उजवा झालो नाही. फळा डाव्याने, बातमी डाव्याने, ही वहीसुद्धा.

"रिपोर्ट शोधताय ना?" बाई म्हणाल्या.

शोधतोय म्हटलं. रिपोर्ट नव्हे, माणूस.

५ फेब्रुवारी, लोणी देवकर

ज्ञानू उसाच्या कडेची हराळी खणत होता. गणपतीला वाहिली की दूर्वा, उसात शिरली की हराळी. रानात मोजणीचे खांब रोवलेत; औद्योगिक क्षेत्रासाठी आमचंही रान जाणार अशी बोलवा आहे. ही बातमी मीच दिली होती. तेव्हा छान वाटली.

बांधावर उभ्यानेच विचारलं, "९३ साली बाटली घेऊन कुठल्या स्टँडवर उतरलास?"

"सोर्गेटला."

"लॅब कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"लॅब तळमजल्याला आहे." (मलाही ठाऊक नाही. जुनी युक्ती, ग्रामसेवकांवर हमखास चालते.)

कुदळ थांबली. ज्ञानू मातीकडे बघायला लागला. पलीकडे बोरीखाली आबा बसले होते, तिथूनच ओरडले, "त्येला कशापायी पिडतुयास? बाटली मी घेतली."

गेलो. समोर बसलो.

"घेतली म्हणजे?"

"बारामतीच्या ष्ट्यांडवर. ह्यो येष्टीत चढत हुता. म्हणलं आण हिकडं. पोराचं मांस परमुलखात कशाला? कोण कुठं फेकंल, कुत्री वडतील." काठीने बोरीच्या बुंध्याशी टोचलं. "हितं हाय. आण्णाची बोटं बी हितंच हाईत."

आण्णा म्हणजे माझे चुलते. उसाच्या चरकात दोन बोटं गेली तेव्हा मी चौथीत होतो. ती फडक्यात बांधून कुठे नेली हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्यात अंगातून निघालेलं मांस आपल्याच मातीत घालतात. मेल्यावर माणूस सगळा एका ठिकाणी सापडावा म्हणून.

"आणि बाटली?"

"धुतली सात पाण्यानं. लई वास मारत हुती. मेंढरांचं औशद हाय तीत."

उरलेली चार मेंढरं. त्यांना औषध आहे.

ज्ञानूला विचारलं, मग साधा कोण म्हणालं? त्याने नाक पुसलं. "आबांनी शपथ घातली. सांजच्याला घरी आलो तर तू दारातच, काय आलं म्हणून. माझ्या तोंडातनं गेलं साधं हाय. दादा, तू किती हसलास तवा. फिरून म्हणाया झालंच न्हाय."

हसलो होतो. आठवतं. पेढे आणले होते.

६ फेब्रुवारी

सौ.ला समोर बसवलं.

"तुला बाटलीचं ठाऊक होतं?"

"दिवाळीत कळलं. आबाच बोलले."

"आणि गाठ?"

"नवरात्रात. तेल लावताना."

"चार महिने?"

"रोज वाटायचं आज बसंल. उद्या बसंल."

"मी घाबरेन म्हणून नाही सांगितलंस?"

"तुमी न्हाय वो," ती म्हणाली. "मी."

तीन आठवडे मी धरून चाललो होतो की यांना सगळं ठाऊक आहे आणि ते माझ्यापासून लपवताहेत. कुणाला काहीच ठाऊक नव्हतं, तेच लपवत होते. माझा तर्क खरा निघाला असता तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी

घरात कुणाशी बोलत नाही. भाकरी पानात येते.

सायंकाळच्या गाडीने बातमीचं पाकीट पुण्याला दिलं. दहा वर्षं मी पाकीट कंडक्टरच्या हाती देतोय. माणूस रोज वेगळा, ओळख ना देख, एकदाही हरवलं नाही. पाठीचा तुकडा सख्ख्या भावाच्या हाती दिला तर तो जिल्ह्याच्या गावाला पोचला नाही.

१३ फेब्रुवारी, बारामती

बाईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. पेनाचं टोपण लावलं, काढलं. "तुमच्या वडिलांना घेऊन या," म्हणाल्या. आबा बाहेर बाकड्यावर होतेच. घोंगडी सावरत आत आले, खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"बाबा, मेंढराला गाठ झाली तर कशी काढता?"

आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, हा कुठला डाव म्हणून. मग म्हणाले, "कडंनं चांगलं बी घ्याया लागतं. गाठीपुरतं घेतलं तर फिरून येतंय. हराळीवानी."

"मी तेच करणार आहे."

"बरं."

"पण हराळी सगळी निघाली का, हे तुम्हाला कसं कळतं?"

"म्हैनाभरानं. उगावली की."

"मला महिनाभर थांबायचं नाही. काढलेल्या तुकड्याची कड पुण्याला दुर्बिणीतून बघतात. कडेपर्यंत आली असेल तर आत राहिलीय. म्हणून ते बाटलीत पाठवायचं. कडेचा निकाल येईपर्यंत मी जखमेवर कातडी लावणार नाही, नुसती बांधून ठेवीन. राहिलेल्यावर कातडी लावली तर ती खाली वाढत राहील, दिसणार नाही."

आबांनी घोंगडीची कड चाचपली. "म्हंजी बाटली पोचूस्तवर ह्येची पाठ उघडी?"

"हो."

"आन् बघून झाल्यावर परत मिळंल?"

"मागून घ्या. उरेल ते देतात."

आबांनी मान हलवली. या दोघांचं पटकन जमलं याचाच मला संशय आला.

१५ फेब्रुवारी

ऑप. २२ ला. प्रश्न: बाटली कोण नेणार? दवाखान्याचा माणूस पुण्याला आठवड्यातून एकदाच जातो, तोवर थांबायचं नाही. मी म्हटलं, कंडक्टरकडे द्या.

सौ.: "पाकीट आन् पाठ सारखी व्हय?"

ज्ञानू: "मी जातो की दादा." मी त्याच्याकडे पाहिलं. तो हराळीकडे पाहतात तसा खाली पाहायला लागला.

आबा: "म्या आडवली, म्याच पोचवणार."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तसं तोंडावर म्हटलं. आबा म्हणाले, "चोरालाच वाट ठावी असती." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासारखं बोलले, किंवा मी त्यांच्यासारखं बोलत आलोय.

शेवटी सौ. म्हणाली, "मी जाते आबांच्या संगं. झालं?"

झालं कुठलं. आरोपी बाटली नेणार आणि पंच म्हणून बरोबर दुसरी आरोपी.

२१ फेब्रुवारी

दवाखान्यात दाखल. सकाळी नववीला निरोप दिला. एकाने विचारलं, "सर, परत कधी?" षष्ठीनंतर सप्तमी, म्हटलं. त्यांना कळलं नाही. मलाही नाही.

२३ फेब्रुवारी

उजव्याने लिहितोय. अक्षर ज्ञानूसारखं. थोडक्यात.

काल झालं. बाई म्हणाल्या, आवरण सुटून आलं, स्नायूचा पातळ थरच घ्यावा लागला. हात राहील, बहुतेक. "बहुतेक" दोनदा म्हणाल्या.

तुकडा म्हणे बाटलीत घालण्याआधी आबांना दाखवला. वरच्या कडेला एक दोरा, बाहेरच्या कडेला दोन. कुठली बाजू कुठली ते पुण्यात कळावं म्हणून. आबा: "मेंढराच्या कानाला खूण करत्यात तसं." त्यांना पटलं.

सकाळच्या गाडीने दोघं गेली. आबांना एस.टी. लागते, म्हणून रेल्वेने दौंड, तिथून पुणे. ज्ञानू माझ्याजवळ. घड्याळ बघत बसलो.

मी: आता दौंडला उतरले असतील. बाटली कुठल्यातरी बोरीखाली गेली.

ज्ञानू: दादा, दौंडला बोरी न्हाईत. बाभळी हाईत.

मी: मग बाभळीखाली.

हसलो. जखम ओढली. त्याच्याशी न बोलायचं ठरवलं होतं, ते मोडलं.

२४ फेब्रुवारी

आले. आबांनी कोपरीच्या खिशातून पावती काढून माझ्या छातीवर ठेवली. शिक्का, तारीख, माझं नाव. नाव बरोबर लिहिलंय. उजेडाला धरून पाहिली.

"काय, खोटी हाय व्हय?" आबा म्हणाले आणि बाहेर तंबाखू मळायला गेले.

सौ. नंतर सांगत होती. आबांनी बाटली घोंगडीत गुंडाळून मांडीवर धरली होती. फळीवर ठेवा म्हटलं तर नाही. खाली ठेवा, तर नाही. दौंडपर्यंत तसेच. समोरच्या बाईने विचारलं, "म्हातारबा, काय हाय एवढं जपून?"

"माजं पोरगं हाय."

एवढंच बोलले. ती बाई सरकून बसली म्हणे.

२८ फेब्रुवारी

पाठ उघडीच. रोज सकाळी पट्टी बदलतात. सौ.ला बघू देतात, मला नाही, म्हणजे मला दिसतच नाही. तिला विचारलं, कसं दिसतं? "सपरचंद कापल्यावानी." मग म्हणाली, "न्हाय, तसं न्हाय." मग उठून पाणी आणायला गेली.

१ मार्च

रि. आला. खाली साफ. तीन कडा साफ. चौथी, दोन दोऱ्यांची, बाहेरची: साफ म्हणवत नाही, फार जवळ.

बाई: "दोरे होते म्हणून कळलं कुठली. उद्या त्या बाजूची आणखी एक पट्टी घेते."

आबांनी कुणाला विचारलं नाही. घोंगडी झटकून तयार.

९ मार्च

दुसरी बाटली, दुसरी पावती, दुसरा कागद. पट्टी साफ. बाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. मी कागद मागून घेऊन स्वतः वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून सौ.ला वाचायला लावला. ती सातवी शिकली आहे, इंग्रजी येत नाही. तरी बोट फिरवलं.

१३ मार्च

काल मांडीची कातडी पाठीला लावली. बदली, तीसुद्धा अर्ज न करता आणि कुणाचं पत्र न आणता. शिक्षकांत मी पहिलाच असेन. मांडी पाठीपेक्षा जास्त दुखते.

२० एप्रिल, इंदापूर

घरी येऊन चार आठवडे. डावा हात खांद्यापर्यंत जातो, पुढे नाही. सुट्टीआधी दोन दिवस शाळेत जाऊन पाहिलं. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहितो. मागच्या बाकावरून: "सर, आमाला दिसत न्हाय." त्यांना आधीही दिसत नव्हतं, फक्त आता सबब माझी आहे.

आबा तिसऱ्यांदा पुण्याला जाऊन आले, एकटे. उरलंसुरलं घेऊन आले. थोडं मेणात घालून लॅबने ठेवून घेतलं; पुन्हा कधी बघायची वेळ आली तर लागतं म्हणे.

"म्हंजी थोडा तू पुण्यातच ऱ्हायलास," आबा नाराजीने म्हणाले. बाकीचं बोरीखाली. मोजणीचा खांब बोरीपासून चार हातांवर आहे. म्हटलं, आबा, हे रान गेलं तर?

"रान जाईल. त्ये काय मांस मागत्यात व्हय?"

ज्ञानूने बाटल्या विहिरीकडच्या खड्ड्यात फोडून टाकल्या. औषधाचीसुद्धा. मी उभा राहून पाहिलं.

१८ जून

बाईंचा हुकूम: तीन महिन्यांनी त्या बघणार, मधे घरच्यांनी दर महिन्याला बोट फिरवून पाहायचं. पाच वर्षं तरी. पुढेही.

आता पाठ माझी, बोट सौ.चं. एका सूत्रावर मी कधी बातमी दिलेली नाही. म्हणून दुसरं सूत्र नेमलं: बाबू शिंपी. दर महिन्याला काहीतरी शिवायला टाकतो आणि पाठीचं माप घ्यायला लावतो. आजची बंडी. सौ.: काय न्हाय. बाबू: काय न्हाय, गुरुजी, गालिच्यावानी झालीया. दोन्ही सूत्रं जुळतात. बाईंनीही पाहिलं, ठीक म्हणाल्या.

१९ जुलै

सौ.: काय न्हाय. बाबू: काय न्हाय. दुसरी बंडी. बाबूने विचारलं, "गुरुजी, दुकान काढताय काय?"

हात कानापर्यंत येतो.

१७ ऑगस्ट

सौ.ने बोट फिरवलं. नेहमी वरून सुरू करते, आतल्या बाजूने खाली, मग बाहेरची कड. बाहेरच्या कडेला थांबली. पुढे गेली. परत आली.

"काय?"

"काय न्हाय. दोरा लागला बंडीचा."

बंडी मी काढून ठेवली होती. खुंटीवर समोर दिसत होती.

सदरा तिनेच खाली ओढला, आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली. ओला हात. कणीक मळत होती.

१८ ऑगस्ट

बाबूकडे गेलो. कोट शिवायचा म्हटलं. ऑगस्टात कोट, त्याने भुवई वर केली नाही. फीत टाकली. खांदा, खांद्यापासून खाली. बाहेरच्या कडेला फीत थांबली.

"काय रे?"

"काय न्हाय गुरुजी. फीत सरकली."

पुन्हा टाकली. वहीत आकडा लिहिला. तो नेहमी आकडा मोठ्याने म्हणतो. आज म्हणाला नाही. निघताना म्हणाला, "कोटाची घाई न्हाय न्हवं?"

दोन सूत्रं. दोघांचं एकच निवेदन. आणि मला दोघांचंही पटत नाही. कदाचित खरंच दोरा असेल. कदाचित खरंच फीत. बाईंची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

२० ऑगस्ट

सकाळी फाटकाची कडी वाजली. आबा. खांद्यावर घोंगडी. ज्ञानू मागे सायकल धरून उभा. पाऊस नाही, सण नाही, निरोप मी पाठवला नव्हता.

"काय आबा, एकाएकी?"

"आलो आसाच. पोराला बघावं वाटलं."

बसले. मला आपादमस्तक पाहिलं, मोजलं. चहा घेतला. ज्ञानू म्हणाला, दादा, हात बघू किती वर जातो. वर केला. डोक्यावर गेला, पहिल्यांदाच. ज्ञानूने टाळी वाजवली. आबा म्हणाले, "गेला की रं," आणि बशीतला उरलेला घोट संपवला.

मी ही वही घ्यायला आत आलो. सौ. स्वयंपाकघरात माझी बारामतीची पिशवी भरत होती. टॉवेल, तांब्या, जुने कागद. मला बघून थांबली नाही. बाहेर ओट्यावरून आबांचा आवाज आला, तिला उद्देशून, अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये इतपतच:

"सूनबाई, दौंडची गाडी सकाळचीच हाय न्हवं आजून?"